गोधडीत सुटलेलं वाक्य

आमच्या लाइनचे सुपरवायझर पोपटराव आठ दिवसांच्या रजेवरून परत आले, त्या सकाळी ते कारेगावच्या थांब्यावर कंपनीच्या बसमध्ये चढले आणि रिकामी सीट शोधत उभे राहिले. तेवढ्यात मागून शितल मान वरखाली हलवत म्हणाली, "आलात? टेका. पर तुमची सवय मोडली आता." सगळी बस हसली. पोपटरावसुद्धा हसले, "व्हय रखमाकाकू," म्हणाले आणि टेकले. मी खिडकीपाशी होते. मी शिरूरहूनच बसते, त्यामुळे खिडकी माझी ठरलेली. मीही हसले. एकटीच न हसता बसले असते तर दहाजणींनी विचारलं असतं. पण अंधारात पायरी आहे समजून पाय टाकावा आणि ती नसावी, तसं मला झालं. बस रांजणगावच्या दिशेनं निघाली आणि मागं कुणीतरी पुन्हा तेच म्हटलं, मग आणखी कुणीतरी, प्रत्येकीचा सूर वेगळा. मी बाहेर बघत राहिले. ते वाक्य माझ्या आईचं आहे. ते तिनं आयुष्यात एकदाच म्हटलं होतं, एका माणसाला, आणि ते ऐकायला तिथं फक्त मी होते. आणि आता ते शितलच्या तोंडात होतं, पोपटरावांसाठी. हे कुणी केलं, तर मी केलं.

हे कसं झालं ते सांगायचं तर थांबेवाडीपासून सांगायला पाहिजे. थांबेवाडी कुठंच नाही. ती एका व्हिडिओ गेममध्ये आहे. माझा नवरा विनोद तो गेम लग्नाआधीपासून खेळतो. त्यात रस्ते आहेत, ट्रक आहेत, लाल कौलांची परदेशी घरं आहेत, आणि चार-पाचजण आपापल्या घरून एकाच वेळी त्यात शिरून हिंडू शकतात. लग्नानंतर मी त्याच्या शेजारी बसून नुसती बघायची आणि त्या गोऱ्यागोमट्या बाहुल्यांच्या तोंडी आपली भाषा घालायची. "काय गं, दळण आणलंस का?" असं. विनोद हसून लोळायचा. एक दिवस म्हणाला, हे रेकॉर्ड करू. झालं. गेल्या दोन वर्षांत आम्ही 'थांबेवाडी'चे बावीस भाग केले आणि नेटवर टाकले. माझी नणंद मोनाली आणि तिचे मालक रोहिदास दौंडला राहतात. रोहिदास दाजी कुरकुंभच्या कारखान्यात शिफ्टमध्ये आहेत, आणि फर्स्ट शिफ्ट असली की चारनंतर दौंडच्या घरून गेममध्ये येऊन एसटी चालवतात. खरं तर ती एसटी नाही, लांबुडकी पर्यटकांची बस आहे, पण दाजींनी ती लाल रंगवून घेतली. गेममध्ये बर्फ पडतो. त्याला काही इलाज नाही, तो बंद करता येत नाही. मग आमची माणसं म्हणतात, ग्रामपंचायतीनं पावडर मारली. साडी गेममध्ये मिळत नाही. थांबेवाडीतली मुख्य बाई रखमाकाकू, तिला आम्ही टोपीचा जांभळा लांब कोट घातलाय, टोपी डोक्यावर घेतली की पदर घेतल्यासारखं दिसतं. लोकांना आता तो पदरच वाटतो.

आणि मान. गेममधल्या माणसांचे ओठ हलत नाहीत. चौघं समोरासमोर उभी असली की कोण बोलतंय ते बघणाऱ्याला कळत नाही. म्हणून जो बोलतो त्याची मान वरखाली करायची, असं पहिल्या भागातच ठरलं. माउस पुढंमागं केला की मान हलते. विनोद जरा जास्तच हलवतो. आता या सवयीचं काय झालंय, सांगायची सोय नाही. मोनाली फोनवर बोलताना मान हलवते. मी कंपनीत पोपटरावांना रिजेक्ट मालाचा आकडा सांगताना मान हलवते. दाजी तर देवळासमोरच्या नंदीबैलासारखे झालेत. त्यात माझं काम कॅमेऱ्याचं. गेममध्ये मी पण एक माणूस असते, पण मला जे दिसतं तेच रेकॉर्ड होतं, म्हणून मी कधीच दिसत नाही. रखमाकाकूला हलवतो विनोद, मी तिचं शूटिंग करते, आणि नंतर तिचा आवाज देते. म्हणजे देह माझ्या नवऱ्याचा आणि आवाज माझा. कंपनीत यातलं कुणालाच ठाऊक नाही, काकूचा आवाज मी मुद्दाम घोगरा काढते. का नाही सांगितलं? शितल माझ्या बाजूच्या टेबलावर बसते, आम्ही डबा वाटून खातो, तरी नाही सांगितलं. काहीतरी फक्त आपलं असावं, एवढंच. दिवसभर माझे हात गेजचे, माप तपासायच्या खुंट्यांचे, असतात. एक गेज पार्टमध्ये गेला पाहिजे, दुसरा जाता कामा नये, एवढं बघायचं, शिफ्टला दोन हजार वेळा. त्यावर माझी तक्रार नाही, खरंच नाही, हातांना काम असलं की डोकं मोकळं राहतं आणि त्या मोकळ्या डोक्यातच थांबेवाडी वसली. मी सुखी बाई आहे. हे असं उघड म्हणायची आपल्याकडं पद्धत नाही, लगेच दृष्ट लागते म्हणतात, पण आहे.

तर आवाज द्यायची जागा. शिरूरला आमची दोन खोल्यांची भाड्याची जागा, खाली गिरणी, समोर शाळा. आवाज रेकॉर्ड करायला बसलं की कुणाचा तरी कुकर बोलतो. विनोदनं कुठंतरी वाचलं की जाड कापडात आवाज चांगला येतो, तेव्हापासून मी पलंगावर मांडी घालून बसते, फोन हातात धरते आणि डोक्यावरून आईनं दिलेली गोधडी घेते. गोधडीत आईची जुनी लुगडी आहेत, माझे शाळेचे झगे आहेत, आणि बरोबर माझ्या नाकासमोर येतो तो तुकडा हिरव्या लुगड्याचा आहे. चार महिन्यांपूर्वी, एकविसाव्या भागात असं होतं की चार वर्षं बंद पडलेली एसटी थांबेवाडीत परत येते. सगळं गाव गोळा होतं, दाजी रुबाबात ब्रेक मारतात. कागदावर रखमाकाकूचं वाक्य मीच लिहिलं होतं, "आली बया एकदाची." मी गोधडीत शिरले. आत अंधार, उकाडा, कपड्यांचा तो जुना वास. हिरवा तुकडा नाकाला लागला. आणि माझ्या तोंडून बाहेर पडलं, "आलात? टेका. पर तुमची सवय मोडली आता." एसटीला अहोजाहो. बाहेर विनोद कानाला हेडफोन लावून बसला होता, तो इतका हसला की खुर्चीवरून घसरला. "हे कुठून आणलंस?" त्यानं विचारलं. मी गोधडीतूनच म्हटलं, "सुचलं."

सुचलं म्हणे. त्या भागाला दोन लाख लोक आले. आधी आमच्याकडं फार तर तीन-चार हजार यायचे. त्या वाक्याचे स्टिकर निघाले, जांभळा कोट आणि खाली अक्षरं. लाइट आली की लोक म्हणायला लागले, माहेरहून परत आलेल्या बायकोला म्हणायला लागले, एका लग्नात म्हणे उशिरा आलेल्या नवरदेवाला म्हटलं. मला बरं वाटत होतं, खोटं कशाला बोलू. मी मनाला सांगत होते की वाक्याला काय मालक असतो, शब्द तर सगळ्यांचेच. पण हे वाक्य नेटवर वाचणं वेगळं आणि बसमध्ये, दोन सीट मागून, एका ओळखीच्या बाईच्या तोंडून ऐकणं वेगळं. शितलनं ते म्हटलं तेव्हा मला बस दिसलीच नाही. मला आमच्या वडगाव रासाईच्या घराचं दार दिसलं.

मी नऊ वर्षांची होते. माझे वडील हौशीराम. कुरकुंभला कामाला म्हणून गेले आणि तिथंच दुसऱ्या एका बाईबरोबर राहिले. हे मला तेव्हा कुणी सांगितलं नव्हतं, पण गावात पोराबाळांपासून काय लपतं. चार वर्षं. आईनं भीमेच्या कडेचा अर्धा एकर एकटीनं कसला, दुसऱ्यांच्या रानात खुरपायला गेली, बुद्धविहाराच्या बांधकामावर पाट्या उचलल्या. रडताना मी तिला बघितलं नाही. मग एक दिवस दुपारी ती चुलीपुढं भाकरी करत होती, मी मागं भिंतीला टेकून पाढे लिहीत होते, आणि दारात उजेड कमी झाला. वडील उभे होते. हातात केळ्यांची पिशवी. आईनं मान वळवली नाही. थापलेली भाकरी तव्यावर टाकली, वरून पाणी फिरवलं, आणि तव्याकडंच बघत म्हणाली ते वाक्य. आवाज चढवून नाही. दुधवाल्याला सांगावं इतक्या साध्या सुरात. अंगावर ते हिरवं लुगडं होतं. मग मला म्हणाली, "भागे, पाणी आण जा." मी कळशी घेऊन नळावर गेले, नळाला रांग होती, परत आले तर वडील ओट्याला टेकून जेवत होते. त्यानंतर ते अकरा वर्षं त्या घरात राहिले आणि तिथंच वारले. भांडण नाही, खुलासा नाही. गाव म्हणालं, हौशीराम आला, आणि विषय संपला. पण मी ते वाक्य सव्वीस वर्षं जपलं. मला त्याचा अभिमान होता. माझ्या आईनं असं म्हटलं होतं. इतरांच्या आया रडतात, पाया पडतात. माझ्या आईनं मोजक्या शब्दांत माणसाला जागेवर बसवला. आणि मी तेच वाक्य एका रंगवलेल्या बसला म्हटलं.

त्याच दिवशी जेवणाच्या सुट्टीत आईचा फोन आला. ती दुपारी कधी फोन करत नाही. "भागे, ऐतवारी ये. बोलायचंय." मी म्हटलं, "काय झालं?" "ये म्हणलं ना." आणि ठेवला. आई बोलायचंय असं कधी म्हणत नाही. ती येऊन बस म्हणते, मेथी ने म्हणते, पाय दुखतात म्हणते. हातातला डबा मी तसाच बंद केला. शितल म्हणाली, "काय गं, भूक मोडली का सवय?" आणि मान हलवून हसली. बिचारीला काय माहीत. मला तिचा राग आला आणि राग आला म्हणून लाजही वाटली.

संध्याकाळी मी विनोदला सगळं सांगितलं. लग्नाला आठ वर्षं झाली, पण वडिलांची ती चार वर्षं मी त्याला कधी सांगितली नव्हती. ते कामाला होते एवढंच सांगितलं होतं. झाकली मूठ. तो ऐकत राहिला. त्याची मान एकदाही हलली नाही. मग म्हणाला, "म्हणजे ते सुचलेलं नव्हतं." "नव्हतं." "काढून टाकू तो भाग." मी म्हटलं, "अहो, दोन लाख लोक आलेत." "आले तर आले. बोलावलं होतं का कुणी?" त्यानं दाजींना फोन लावला, स्पीकरवर. दाजी सगळं ऐकून म्हणाले, "वहिनी, तुमच्या आई म्हणतील तसं. त्या नको म्हणल्या तर रखमाकाकूला बंद करू. आन् रखमाकाकू न्हाई म्हंजी थांबेवाडी न्हाई. मी काय नुसती रिकामी गाडी फिरवू व्हय तिथं?" ते अगदी खरं होतं. तिच्याशिवाय त्या गावात उरतंच काय, बर्फ आणि चार ट्रक. मला तेव्हा नेमकं कळलं की मला कशाची भीती वाटतेय. आई रागवेल ही भीती होतीच, पण ती राग गिळेल आणि काहीच म्हणणार नाही, आणि मग मला गोधडीत पुन्हा कधी शिरता येणार नाही, ही त्याहून मोठी होती. मला आईही पाहिजे होती आणि रखमाकाकूही. असं दोन्हीकडून मागणारी मी हावरटच.

रविवारी मी एकटीच स्कूटीवर निघाले. विनोदला म्हटलं, तुम्ही नका येऊ. न्हावऱ्यापर्यंत रस्ता बरा आहे, पुढं उसाच्या ट्रॉल्या, त्यांच्यामागं दमानं जायचं. डोक्यात मी वाक्यं जुळवत होते. आई, मी तुला विकलं नाही. आई, कुणाला माहीत नाही की ते तुझं आहे. आई, लोकांना ती बाई आवडते. सगळी वाक्यं मी हेल्मेटच्या आत मान हलवून म्हणत होते, हे मांडवगणचा फाटा ओलांडल्यावर लक्षात आलं.

आई ओट्यावर बसून गवार निवडत होती. मागं उघड्या दारातून बाबासाहेबांचा फोटो दिसत होता, त्याला ताजा हार. नदीकडून पाणी उपसायच्या मोटारींचा आवाज येत होता. तिनं माझ्याकडं बघून गवारीचा एक ढीग माझ्यापुढं सरकवला. "निवड." मी निवडायला लागले. गवारीचा वास हाताला लागला की मला नेहमी बरं वाटतं, त्या दिवशीही वाटलं, एवढी भीती असून.

"हर्षदानं दावलं," आई म्हणाली. हर्षदा शेजारची सून. "समदे दावले. दोन दिस लागले. तवर गवार जून झाली."

"सगळे भाग बघितलेस?"

"व्हय. ती जांभळ्या डगल्यातली म्हंजी मी का?"

"तू नाही गं. म्हणजे थोडी."

"थोडी म्हंजी किती?"

मी एक शेंग मोडली. आई म्हणाली, "आन् मान का हालवती ती सारखी? फेफरं येतं का तिला?"

मी तिला ओठांचं सांगितलं, ओठ हलत नाहीत म्हणून मान हलवावी लागते. तिनं नीट ऐकून घेतलं, एखाद्या नव्या बियाणाची माहिती ऐकावी तशी. मग म्हणाली, "मी बोलताना कवा मान हालवलेली बघितलीस?" नाही बघितली. जिनं जन्मभर डोक्यावर पाट्या आणि घागरी वाहिल्या ती मान हलवत नसते, सगळं सांडेल. हे मला इतक्या वर्षांत सुचलं नव्हतं. हे खरोखर सुचायला पाहिजे होतं.

"त्या दिशी तू आत व्हतीस," ती म्हणाली.

"व्हय."

"मला वाटलं, ल्हान हाय, इसरल."

मी हातातली शेंग ठेवली. "आई, मला माफ कर. माझ्या तोंडून गेलं. विनोदनं विचारलं तर मी खोटं बोलले, म्हटलं मलाच सुचलं. तू सांग, मी काढून टाकते. सगळंच बंद करते."

"बंद कशाला करती? मी बंद कर म्हणले का?" आईनं एक जून शेंग बाजूला टाकली. "मला राग कशाचा आला सांगू? तुझ्या बापाला तू यष्टी केलीस."

मला हसू फुटलं आणि लगेच डोळ्यांत पाणी आलं. आई हसली नाही. "माणूस परत आला व्हता, भागे. यष्टी न्हवती. केळी घिऊन आला व्हता. चार वर्सांनी दारात उभं ऱ्हायला काय लागत आसंल, त्येचं त्येला ठावं. मी त्येच्याकडं बघितलंबी न्हाई. तुमी लोकं हासताय. हासा. पर कुणाला हासताय ते तरी दावा." मग म्हणाली, "तशी यष्टीबी बरी शोभली म्हणा. धूर त्योबी लई सोडायचा." वडिलांची विडी शेवटपर्यंत सुटली नव्हती. आता मात्र ती हसली.

"आन् अर्धंच घेतलंस," ती म्हणाली.

"अर्धं म्हणजे?"

"तुला पाण्याला धाडली. मागं त्यो तसाच उभा. मग म्हणला, मंग जाऊ का? मी म्हणलं, जेवून जा."

"मग?"

"मंग काय. जेवला." आईनं गवार झटकली. "आकरा वर्सं जेवला."

सव्वीस वर्षं मी जे वाक्य छातीशी धरून होते ते शेवटचं वाक्यच नव्हतं. मी नळावर रांगेत उभी होते तेव्हा आमचं घर पुन्हा मांडलं गेलं होतं, दोन शब्दांत, आणि मी परत आले तेव्हा त्याचा फक्त वास उरला होता, भाकरीचा. मला आईचा कडकपणा तेवढा ठाऊक होता. त्याच्या पुढं काय होतं ते ती एकटी घेऊन बसली होती, आणि मी कधी विचारलं नाही. तिच्याजवळ सरकून मी तिच्या खांद्यावर डोकं ठेवलं. ती म्हणाली, "सरक, घामाचा वास यील." पण स्वतः सरकली नाही.

"लोकास्नी अर्धं सांगू नये," थोड्या वेळानं ती म्हणाली. "पुरं सांग, न्हाईतर सांगू नगो."

"मग तूच सांग. तुझ्या आवाजात." माझ्या तोंडून गेलं. माझ्या तोंडून काय काय जातं बघा. मी फोन काढला. गोधडी कुठं आहे विचारलं, आवाज घुमतो म्हणून सांगितलं.

"गोधडी कशापाई? मी काय चोरून बोलतीया व्हय?" ती ओट्यावरच बसून राहिली, गवारीपुढं. कोंबड्या हिंडत होत्या, मोटारी चालू होत्या. मी फोन धरला. तिनं दाराकडं बघितलं नाही, खाली बघितलं, तेव्हा तव्याकडं बघितलं होतं तसंच. "आलात? टेका. पर तुमची सवय मोडली आता." मग एवढी थांबली की मला वाटलं विसरली. समोर कुणीतरी काहीतरी विचारत होतं आणि ती ते ऐकून घेत होती. मग म्हणाली, "जेवून जा." एकदाच म्हटलं. पुन्हा म्हण म्हटलं तर म्हणाली, एकदाच म्हणलं व्हतं. मग माझ्याकडं बघून म्हणाली, "आन् तू का मान हालवतीस?"

तो भाग आम्ही पुढच्या बुधवारी केला, चारनंतर, दाजींची फर्स्ट शिफ्ट होती. एसटी बर्फात उभी केली. पण या वेळी दाजी खाली उतरले, आणि हातात गेमवाल्यांनी दिलेली कसली तरी पिशवी घेऊन रखमाकाकूच्या दारात उभे राहिले. दाजींचं एकच वाक्य होतं, "मंग जाऊ का?" ते त्यांनी सात वेळा म्हटलं, आणि सातव्या वेळी त्यांचा आवाज खरोखर बसला. मी विनोदला म्हटलं, "माउसवरून हात काढा." "मान?" "काढा म्हटलं ना." त्यानं दोन्ही हात मांडीवर ठेवले, शाळेतल्यासारखे. जांभळ्या कोटातली बाई दारात नुसती उभी राहिली. गेममधली माणसं काही न करता उभी असली तरी त्यांचे खांदे थोडे वरखाली होतात, श्वासासारखे. तेवढंच हलत होतं. मागाहून आईचा आवाज घातला तेव्हा भीमेवरच्या मोटारी आणि कोंबड्या त्या बर्फात शिरल्या. मी त्या पुसल्या नाहीत. विनोद म्हणाला, "कोण बोललं ते लोकांना कळेल का?" मी म्हटलं, "कळेल." शेवटी पाटीवर आम्ही आईचं नाव घातलं, ताईबाई हौशीराम. आई म्हणाली होती, त्येचंबी घाल.

शुक्रवारी सकाळी कारेगावला शितल चढली ती फोन हातात घेऊनच. "नवा भाग आलाय," म्हणाली आणि आवाज मोठा केला. पोपटराव पुढच्या सीटवरून वळून बघायला लागले. मी खिडकीपाशी होते. आलात, टेका, आणि बस हसली, ठरल्याप्रमाणे. मग दाजींचा बसलेला आवाज. मग ती थांबलेली जागा, मोटारींचा आवाज. मग दोन शब्द. कुणी हसलं नाही. पोपटराव पुढं बघायला लागले. शितलनं तो तुकडा पुन्हा लावला आणि पुन्हा ऐकला. "ही रखमाकाकू निराळीच वाटती," ती म्हणाली. "मानबी हालवली न्हाई हिनं. दुसरी बाई घेतली आसंल. ही कोण ताईबाई?"

मी उठले. चालत्या बसमध्ये सीटला धरत धरत तिच्यापर्यंत गेले. सगळ्या बघायला लागल्या, कारण मी माझी खिडकी कधी सोडत नाही. मी म्हटलं, "माझी आई हाय ती. वडगाव रासाईची. आन् आधीचा आवाज माझा."

म्हणताना माझी मान हलली नाही, हे मला जाणवलं. शितल माझ्याकडं बघत राहिली. तिच्या चेहऱ्यावर काय काय येऊन गेलं. एवढे दिवस डबा वाटून खाल्ला आणि सांगितलं नाहीस, हेही त्यात होतं. मग तिनं शेजारच्या सीटवरची आपली बॅग उचलून मांडीवर घेतली.

"आलात?" ती म्हणाली. "टेका."

पुढचं तिनं म्हटलं नाही. मी टेकले.